आधी गाठी, मग माणसं

तुम्ही रुईच्या गाठीवर बसला आहात आणि अंगाखाली बंडी डुलते आहे. साल १९०८, मार्गशीर्षातली रात्र. पुढंमागं अशाच पंधरा-वीस बंड्या. यवतमाळच्या जिनातून संध्याकाळी निघालात, बाभूळगाव मागं पडलं, आता धामणगावचं स्टेशन गाठायचंय. सगळा रस्ता २९ मैलांचा. धामणगावला मुंबई-नागपूरची मोठी लाइन आहे, १८६७ पासूनची. यवतमाळात अजून एक रूळ नाही.

एक गाठ पावणेदोनशे किलोच्या आसपास. तुमच्या बंडीत अशा चार आहेत. पाचवे तुम्ही, आणि तेही फुकटचे. बसवून घेतानाच धुरकऱ्यानं बजावलंय, "चढाव आला का उतरजा जी. बैलाईले गाठीचं वझं पुरे हाय." तेवढी अट ध्यानात असू द्या. या जिल्ह्यात चाकावर चढलेल्या माणसाला पुढची शंभर वर्षं तीच लागू राहणार आहे.

वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आलं ते कागदोपत्री फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी. काळ्या जमिनीतल्या कापसाचा वास त्यांना त्याआधीच लागलेला होता. १८६१ ते ६५ अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस अडला आणि इकडे भाव असे चढले की घरच्या जोंधळ्याच्या वावरातही लोकांनी सरकी टोबली. युद्ध संपलं, भाव कोसळले, पण पेरा हटला नाही. मोठी रेल्वे आली ती याच कापसाच्या मागावर. ती मात्र गेली जिल्ह्याच्या उत्तरेकडून, अंगाला घासून. आत पठारावर जे पिकतं ते बैलांनीच खाली आणायचं. जिल्ह्याला यवतमाळ हे नाव मिळूनही तीनच वर्षं झालीत; १९०५ पर्यंत हा वणी जिल्हा होता.

पुढं चढ लागलाय. धुरकरी मागं वळून बघतो. बोलावं लागत नाही, तुम्ही उतरता.

पायी चालता चालताच सोळा वर्षं ओलांडा.

आता १९२४ चा डिसेंबर. तुम्ही यवतमाळच्या स्टेशनात आहात आणि पहिली गोष्ट तुम्हाला जाणवते ती रुळांची. ते जवळ आहेत. फारच जवळ. दोन रुळांमधलं अंतर ७६२ मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट. मोठ्या लाइनचं साडेपाच फूट. एखादा उंच माणूस आडवा झोपला तर डोकं आणि पाय दोन्ही रुळांच्या बाहेर जातील. (झोपू नका. इंजिन सुटायला आलंय.)

ही सरकारची लाइन नव्हे. मुंबईत किलिक निक्सन नावाची गोऱ्यांची पेढी आहे, १८५७ पासूनची. तिनं १९१० मध्ये सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी काढली. पैसा कंपनीचा, रूळ कंपनीचे. गाड्या चालवायच्या मोठ्या लाइनवाल्या जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेनं आणि उत्पन्नातला वाटा कंपनीला द्यायचा, असा करार. मूर्तिजापूर हे मोठ्या लाइनवरचं स्टेशन मधोमध धरून दोन हात काढले. एक उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्याशी अचलपूरपर्यंत, ७६ किलोमीटर. दुसरा दक्षिण-पूर्वेला कारंजा, दारव्हा करत यवतमाळपर्यंत, ११३ किलोमीटर. १९१६ पर्यंत काम हातावेगळं झालं. पुढच्याच वर्षी याच कंपनीची पुलगाव-आर्वी लाइनही सुरू झाली. तिन्हींचा नकाशा समोर धरला तर मोठ्या लाइनच्या दोन्ही अंगांना जिथं जिथं कापूस दाट, तिथं तिथं बोट लांबवलेली दिसते.

अरुंद रूळ का? स्वस्त पडतात म्हणून. लोखंड हलकं, भराव कमी, पूल छोटे, वळणं आखूड. एवढ्या भागात वर्षातले चार-पाच महिनेच माल भरभरून मिळणार. त्यासाठी मोठी लाइन टाकायला कोणता भागधारक राजी होईल?

फलाटाच्या एका टोकाला गाठींची रास लागलीय. लोखंडी पट्ट्यांनी आवळलेल्या, प्रत्येकीवर जिनाचं चिन्ह काळ्या शाईनं उमटवलेलं. हमाल आकडा रुतवतात, गाठ कलती करतात आणि एका हिसक्यात वाघिणीत लोटतात. हवेत रुईचे तंतू. ते तुमच्या भुवयांवर, मिशांवर बसतात आणि अर्ध्या तासात तुम्ही दहा वर्षांनी म्हातारे दिसू लागता. वाघिणी भरून, मोजून, दारं लावून झाली की मग स्टेशन मास्तरांचं लक्ष तुमच्याकडे जातं. तुम्ही म्हणजे शे-दीडशे माणसं: कोर्टाच्या तारखेला निघालेला पाटील, माहेरपणाला आलेली लेक आणि तिला न्यायला आलेला दीर, मुंबईच्या व्यापाऱ्याचा मुनीम, आणि कारंज्याला दत्तगुरूंच्या दर्शनाला निघालेलं एक अख्खं कुटुंब. नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान म्हणून कारंज्याला जाणारी ही गर्दी कंपनीच्या आराखड्यात नव्हती. पण ती आली, आणि नांगराच्या मोसमात जेव्हा वाघिणी रिकाम्या धावत तेव्हा डबे भरत राहिली ती हीच.

इंजिन पाहून घ्या. मँचेस्टरात १९२१ साली घडवलेलं, इथं १९२३ पासून कामाला. वाफेचं, कोळशाचं, झेडडी जातीचं. कापूस मँचेस्टरला गेला आणि इंजिन मँचेस्टरहून आलं, असं एक गोंडस वर्तुळ पुढं प्रत्येक लेखात काढलं जाणार आहे. तुम्ही मुनीमाला विचारा. तो हसेल. वऱ्हाडचा कापूस आखूड धाग्याचा; मँचेस्टरच्या गिरण्यांना तो अडीअडचणीलाच लागे. १९२४ मधलं सगळ्यात मोठं परदेशी गिऱ्हाईक जपान आहे. बाकीचा माल मुंबईच्या गिरण्या घेतात. तुमच्या शेजारच्या वाघिणीतली गाठ ओसाकाला जाऊन तिथून कापड होऊन मुंबईच्या बाजारात परत येणं सहज शक्य आहे.

शिटी. लासीना, लिंगा, लाडखेड. यवतमाळचं पठार समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या घरात, गाडी ते हळूहळू सोडत पायनघाटाकडे उतरते. खिडकीबाहेर वेचणीला वाकलेल्या बाया, ओटीत पांढरा गोळा. डबे मालाच्या मागं जोडलेत, त्यामुळे प्रत्येक स्टेशनावर तुमचा डबा फलाटाच्या बाहेर, बाभळीत उभा राहतो. पुढं वाघिणी जोडणं-तोडणं चालतं तोवर तुम्ही बसून राहायचं. दारव्ह्याच्या मोतीबाग स्टेशनात तुम्ही खाली उतरून दशमी खाता, हात धुता, विडा लावता. गाडी आहे तिथंच. पाटील वैतागून गार्डाकडे जातो आणि परत येऊन सांगतो, "जिनवाल्याच्या अजून बारा गाठी यायच्या हायेत म्हन्ते."

"अन् कोर्टाची तारीख?"

"तारीख पुढं जाते. गाठी नाई जात."

मूर्तिजापूरला पोचता तेव्हा दिवेलागण झालेली असते. या लाइनचं सगळं गणित तुम्हाला तिथं, फलाट ओलांडताना कळतं. अरुंद रुळावरची वाघीण मोठ्या लाइनवर जाऊच शकत नाही. मग यवतमाळात चढवलेली प्रत्येक गाठ इथं खाली उतरवायची आणि शेजारच्या मोठ्या वाघिणीत पुन्हा चढवायची. पाठीवर. रूळ टाकताना वाचवलेला पैसा मूर्तिजापूरच्या हमालांच्या पाठीवर लिहिला गेला आणि तो हिशेब पुढं कधी कुणी मिटवला नाही. कंदिलाच्या उजेडात चाललेला तो सगळा देखावा बघत तुम्ही उभे राहता. तुमचं काय, तुम्ही आपल्या पायांनी पूल चढून पलीकडच्या गाडीत बसता. उतारू हा स्वतःच चढणारा-उतरणारा माल असतो. रेल्वेला तो परवडतो तो याच कारणानं.

चाळीसच्या दशकात फार थांबू नका. फक्त दारव्ह्याला उतरून दक्षिणेकडे बघा. इथून पुसदला एक फाटा जात होता. दुसऱ्या महायुद्धात लोखंड हवं झालं आणि तो उखडून नेला. भराव राहिला, त्यावर लोकांनी तुरी पेरल्या. पुढं पुसद तालुक्यातल्या गहुली गावानं महाराष्ट्राला दोन मुख्यमंत्री दिले, वसंतराव नाईक आणि सुधाकरराव नाईक. वसंतराव तर १९६३ पासून १९७५ पर्यंत खुर्चीवर होते. एवढं होऊनही पुसदला रेल्वे परत आली नाही. राजकीय वजन असलं की रेल्वे येते, असं ज्यांना वाटतं त्यांनी पुसदच्या बसस्टँडवर एक दुपार घालवावी.

स्वातंत्र्य येतं. १९५१ मध्ये जीआयपीची मध्य रेल्वे होते. शकुंतलेचे रूळ मात्र कंपनीच्याच नावावर राहतात. हो, आता तिला शकुंतला म्हणायला हरकत नाही. हे नाव कोणत्या वेळापत्रकानं दिलेलं नाही, लोकांनी दिलंय, आणि ते का दिलं याच्या गोष्टी गावागणिक वेगळ्या आहेत. मला त्यातली कोणतीही खरी मानायची घाई नाही.

१९७६. तुम्ही दारव्ह्याच्या कापूस संकलन केंद्रावर रांगेत आहात. चार वर्षांपूर्वी राज्य सरकारनं एकाधिकार खरेदी योजना आणली. कापूस विकायचा तो सरकारलाच. रांग मैलभर, बंडीखाली माणसं झोपलेली, बैल रवंथ करताहेत. आणि केंद्राच्या दुसऱ्या दारातून गाठी भरून बाहेर पडतात ते ट्रक. ट्रक जिनाच्या दारात येतो आणि गिरणीच्या दारात रिकामा होतो, मध्ये मूर्तिजापूरचा फलाट नाही, हमाल नाही, दुसरी वाघीण नाही. अडीच फुटांच्या रुळाकडे याला उत्तर नव्हतं. कुणी घोषणा केली नाही, सभा झाली नाही. एकेका मोसमात वाघिणी कमी होत गेल्या आणि डबे तेवढे उरले. पाटलाच्या नातवाला आता दारव्ह्याला बारा गाठींसाठी थांबावं लागत नाही. गाडी आता त्याची एकट्याची झालीय. यात आनंद मानायचा की काळजी करायची, हे त्याला तेव्हा उमगत नाही.

रेल्वेच्या लेखी उतारू म्हणजे तोटा. देशभर मालवाहतुकीच्या कमाईतून प्रवासी भाड्याची तूट भरून काढतात, हे गुपित नाही. ज्या लाइनवर मालच नाही तिथं ती भरणार कशातून?

१५ एप्रिल १९९४. मूर्तिजापूर. ऊन रणरणतंय, अन् फलाटावर गर्दी आहे. मँचेस्टरचं ते इंजिन सत्तर वर्षं चालून आज कामावरून उतरतंय, आणि त्याच्या जागी डिझेल येतंय. तुम्ही जवळ जा. वाफेचं इंजिन जवळून कसं असतं ते पुन्हा बघायला मिळणार नाही. भट्टीची धग गुडघ्यांना आधी लागते. फायरमनच्या हातातलं फावडं मुठीशी चकचकीत झालंय, बाकी सगळं काळं. चढावर वाळू टाकून चाकांना पकड द्यायची, पावसाळ्यात ओला कोळसा धुमसवत न्यायचा, कुठल्या स्टेशनच्या पाण्यानं बॉयलरमध्ये क्षार धरतो ते ध्यानात ठेवायचं: या विद्येची कुठं शाळा नव्हती. डिझेलचा ड्रायव्हर बटण दाबतो आणि इंजिन सुरू होतं. कॅमेरे घेऊन दुरून आलेले हौशी लोक डोळे पुसताहेत. शेडमधला एक कामगार त्यांच्याकडे बघत बिडी विझवतो. "यायले उन्हाळ्यात भट्टीपुढं उभं केलं पायजे एक दिवस," एवढंच म्हणतो.

त्याचं म्हणणं मला पटतं. वाफेच्या इंजिनाचं प्रेम बहुतेक वेळा त्यात न बसलेल्यांनाच असतं.

आता २०१० च्या दशकाची सुरुवात. मूर्तिजापूरहून यवतमाळची गाडी पकडा. ११३ किलोमीटरला सहा-सात तास लागतील. घाई असेल तर एसटी आहे. गाडीत जे आहेत त्यांना एसटी परवडत नाही, किंवा त्यांच्या गावाला ती जात नाही. भाड्यात फरक किती? शकुंतलेला पंधरा-वीस रुपये, एसटीला त्याच्या सात-आठ पट. भाजीचं टोपलं घेतलेली म्हातारी, कारंज्याच्या कॉलेजची पोरं, मजुरीला निघालेलं जोडपं, एक बकरी. बकरीच्या तिकिटाचं कुणी विचारत नाही.

एखाद्या स्टेशनात गाडी थांबते. इमारत आहे, दारंखिडक्या नाहीत. मास्तर नाही, तिकीटबाबू नाही. गार्डच खाली उतरतो, तिकिटं देतो, परत चढतो, झेंडी दाखवतो. गाडी चालवणं, डबे जोडणं-तोडणं, सिग्नल देणं, तिकिटं फाडणं, सगळं मिळून सात माणसांत उरकतं. कुठं सिग्नलच्या खांबावर लिव्हरपूलचं नाव अजून वाचता येतं. रुळांच्या मधोमध गवत गुडघाभर. काळी भुई पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि हलका भराव तिच्यासोबत वरखाली होतो. म्हणून वेगाला वेसण.

"कवा पोचते जी यवतमाळले?" तुम्ही म्हातारीला विचारता.

"पोचते नं. गाडीतच त बसले हाव आपन."

समोरचा पोरगा वर्तमानपत्र पुढं करतो. ठळक मथळा: भारतातली ही एकमेव रेल्वे अजून इंग्रजांच्या ताब्यात, दरवर्षी लंडनला रॉयल्टी. दर ऑगस्टमध्ये ही बातमी कुठं ना कुठं छापून येते. ती अर्धीच खरी आहे. कंपनीची मालकी राहिली आणि देण्याघेण्याचा वाद राहिला हे खरं. पण किलिक निक्सन ही पेढी स्वातंत्र्यानंतर हिंदी मालकांकडे गेलेली, मुंबईतली. इंग्रजाचं भूत दाखवणं सोपं असतं. रेल्वेनं दुरुस्तीवर खर्च का करावा, रूळ तर दुसऱ्याचे, आणि कंपनीनं का करावा, गाड्या तर रेल्वेच्या: या दोन सरळ वाक्यांनी शकुंतलेला जेवढं झिजवलं तेवढं कुठल्या गोऱ्या साहेबानं झिजवलं नाही.

दशक अर्ध्यावर येईतो यवतमाळची गाडी बंद पडते, मागोमाग अचलपूरचीही. २०१६ मध्ये ही लाइन ब्रॉडगेज करण्याची घोषणा होते. शकुंतला वाचवा म्हणून मोर्चे निघतात, निवेदनं जातात. त्यात कापसाचे व्यापारी फारसे दिसत नाहीत; दिसतात ते शिक्षक, पेन्शनर, विद्यार्थी. म्हणजे डब्यातली माणसं.

थोडं आग्नेयेला सरका, वणीला. इथं जिल्ह्याचं दुसरं टोक आहे आणि इथली गोष्ट उलटी आहे. वर्धा नदीच्या खोऱ्यात जमिनीखाली कोळसा, वेस्टर्न कोलफील्ड्सच्या उघड्या खाणी, आणि साडेपाच फुटांची लाइन थेट सायडिंगपर्यंत. तुम्ही फाटकापाशी मोटरसायकल बंद करून उभे आहात. समोरून मालगाडी जातेय, ५८-५९ वाघिणी, जवळजवळ चार हजार टन. १९०८ ची ती बंडी आठवून हिशेब केलात तर या एका गाडीला साडेपाच हजार बंड्या लागल्या असत्या. वाघिणी मोजायला सुरुवात केलीत तर तिसाव्यापाशी चुकाल, सगळेच चुकतात. ओठांवर बारीक काळी पूड बसते. मुंबईकडून नांदेड, आदिलाबाद करत येणारी नंदीग्राम याच रुळांवरून जाते आणि वणीकरांना ती फार मोलाची आहे. पण इथले रूळ उजळ राहतात ते कोळशानं. फाटकापाशी पानटपरीवाला म्हणतो, "कोयशाची गाडी येक दिवस थांबत नाई भाऊ." कोळसा जाईल त्या दिवशी काय, हे तुम्ही त्याला विचारत नाही.

आणि शेवटचा थांबा: कळंब, २०२४ चा मार्च. चिंतामणी गणपतीचं गाव. वर्धा-यवतमाळ-नांदेड ही २८४ किलोमीटरची नवी लाइन २००८ च्या सुमारास मंजूर झाली. तिचा पहिला तुकडा, वर्धा ते कळंब, २८ फेब्रुवारीला पंतप्रधानांनी यवतमाळातून हिरवी झेंडी दाखवून सुरू केला. देवळी, भिडी, कळंब. पुढं यवतमाळ, दारव्हा, दिग्रस, पुसद अशी आखणी आहे. म्हणजे पुसदच्या तुरीच्या वावरांना पुन्हा एकदा भरावाची भाषा ऐकावी लागणार.

स्टेशन कोरं आहे. रंगाचा वास जात नाही. फलाट लांबच लांब आणि गाडी आखूड, त्यामुळे इथं डबा बाभळीत नाही, नावाच्या पाटीसमोर उभा राहतो. वाघीण एकही नाही. या जिल्ह्यातल्या नव्या रुळावर माणसं पहिल्यांदा आधी आली आहेत, हे फलाटावरच्या कुणालाही नवलाचं वाटत नाही. बायका गणपतीचा प्रसाद वाटताहेत, पोरं मोबाइलवर इंजिनासोबत फोटो काढताहेत. बाहेर रस्त्यावरून कापसानं फुगलेला ट्रक, ताडपत्री बांधलेला, वर्ध्याच्या दिशेनं जातो.

धोतर-टोपीतला एक कास्तकार तुमच्या शेजारी येऊन उभा राहतो. डब्यांकडे एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत बघतो. मग विचारतो, "माणसाईची गाडी झाली हे. कापूस घेते का?"

"नाही काका. ही फक्त माणसांची."

"मंग किती दिवस चालवतीन?"